शेजारच्या सीटचा ब्रेक

ही गोष्ट कुठे वाचलेली नाही, कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेली आहे. आणि मावशी बनवून सांगणाऱ्यातली नाही. लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढायचं, नळ्यांवर नावं चिकटवायची, लॅबमध्ये पोचवायचं, यातच तिचा जन्म गेला. बाई इतकी रोखठोक की पेशंटला "दुखणार नाही" असं खोटं कधी म्हणत नाही. "दुखेल, पण थोडंच," म्हणते.

म्हणून तिने सांगितलं तसंच सांगते.

हिवाळ्यातली पहाट होती. तिच्या घराकडून मोठ्या रस्त्याला लागताना एक उतार आहे. उतार संपतो तिथे चौक. त्या वेळी तिथला सिग्नल नुसता पिवळा लुकलुकत असतो.

तिथेच पहिल्यांदा झालं.

पण आधी गाडीचं सांगायला हवं.

उपाशीपोटीचं रक्त द्यायला लोक उजाडायच्या आत बोलावतात. बर्फाचा डबा खांद्याला अडकवून बससाठी ताटकळून मावशीच्या मानेचे मणके बोलायला लागले होते. म्हणून तिने पै-पै जमवून ठरवलं, एक छोटी गाडी घ्यायची. जुनी चालेल. गाडी शिकली, परीक्षेत पहिल्या झटक्यात पास झाली.

"गाडीतलं तुला काय कळतं?" काका म्हणाले. काका म्हणजे मावशीचे यजमान. आजारपणाच्या नावावर नोकरी सोडून लवकर घरी बसलेले. आजार नेमका कोणता, ते घरात कुणालाच कळलं नाही. "मी बघतो. तू फक्त पैसे काढून ठेव."

आणि त्यांनी बघितली.

त्यांच्या ओळखीचा एक एजंट होता. जिभेवर साखर ठेवूनच बोलायचा.

"वहिनी, एकाच मालकाची गाडी आहे. बाईमाणसाने वापरलेली. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. फुलासारखी ठेवलीये."

मावशीला इंजिन गार असताना ते चालू करून बघायचं होतं. गाडी एखाद्या गॅरेजला दाखवून आणायची होती. काकांना तो आपला अपमान वाटला. चारचौघांत ते हसून म्हणाले, "आमच्या मॅडम गाडीचंपण रक्त तपासणार!"

सगळे हसले. मावशीने पैसे दिले.

पुढे काय झालं, ते जुनी गाडी घेतलेल्या कुणालाही सांगायला नको. आधी बॅटरी बसली. मग क्लच प्लेट जळाली. ती बदलली तोवर रेडिएटर गळायला लागला. एसीतून ओल्या फडक्याचा वास. खड्ड्यातून गेली की पुढचं चाक असं कण्हायचं की बघणाऱ्याला दया यावी. स्पीडोमीटरवरचे किलोमीटर मागे फिरवलेले निघाले. एजंट फोन उचलेना. मावशीचा अर्धा पगार त्या डब्याच्या पोटात जायला लागला.

आणि प्रत्येक वेळी काकांचं एकच.

"गाडी उत्तम होती. तू चालवून चालवून तिची वाट लावलीस."

मावशी गप्प बसायची. लग्न झाल्यापासून तिने तोच एक उपाय शोधलेला होता.

तर ती पहाट.

मावशी उतारावरून खाली येत होती. बर्फाचा डबा मागे. शेजारची सीट रिकामी. काचा बंद. रेडिओ तर कधीच बंद पडलेला.

आणि आवाज आला…

टक.

डॅशबोर्डवर. शेजारच्या बाजूने. बोटातल्या अंगठीने कुणी हलकेच वाजवावं, तसा.

मावशीला वाटलं, आणखी काहीतरी सुटलं असणार. त्या गाडीत रोज नवा आवाज. ती तशीच पुढे आली. चौक जवळ आला.

टक… टक.

आणि ब्रेक आत गेला.

मावशीने दाबला नव्हता. तिचा पाय होता अ‍ॅक्सिलरेटरवर. ब्रेकचं पेडल तिच्या डोळ्यांदेखत खाली गेलं, पाठोपाठ क्लचचं. गाडी चौकाच्या तोंडाशी अशी थांबली, की मागे डब्यातल्या नळ्या खुळखुळल्या.

समोरून पाण्याचा टँकर गेला. दिवे बंद. हॉर्न नाही. नुसता काळा डोंगर सरकावा तसा.

मावशीने खाली बघितलं.

दोन्ही पेडल अजून दाबलेलीच होती…

मग हळूच वर आली. आधी क्लच. मग ब्रेक. कुणीतरी बेतानं पाय उचलावा, तशी.

घरी आल्यावर तिने काकांना सांगायला नको होतं. पण सांगितलं.

"ब्रेक कुठला आणि क्लच कुठला तेसुद्धा कळत नाही का अजून?" काका टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

त्याच आठवड्यात तिने गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाला तिरसट माणूस. कामापेक्षा जास्त बोलायचे पैसे पडतात, अशा थाटात बोलायचा. ब्रेक बघायला तो पुढून वाकला, मग शेजारच्या सीटखाली टॉर्च मारला, आणि तिथलं पायपुसणं उचललं.

"ताई, ही गाडी कुणाकडून घेतलीत?"

"का हो?"

त्याने बोट दाखवलं. शेजारच्या सीटसमोर, पाय ठेवतो तिथल्या पत्र्याला भोकं होती. बोल्ट काढून, वरून काळा रंग फासलेली.

"इथे पेडल होती. दुसरा ब्रेक, दुसरा क्लच. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे ही. जग शिकलंय हिच्यावर. मग क्लच काय टिकणार, डोंबल?"

"ती पेडल अजून कुठे जोडलेली आहेत का?"

"कुठली? तारा कापून टाकल्यात. नुसती भोकं राहिलीत." त्याने हात पुसले. "ते सोडा. ब्रेकचं ऑइल गळतंय. तुमचा मास्टर गेलाय."

मावशी दचकली. "कोण गेला?"

"मास्टर सिलिंडर हो. तो बदलल्याशिवाय ही गाडी उतारावर नेऊ नका. नेलीत तरी मला काय, तुम्ही आलात की माझं दुकान चालतं."

मावशीने त्याच संध्याकाळी काकांच्या हातात पैसे ठेवले. तिला दिवसभर फुरसत नसायची आणि काका घरीच होते. "ब्रेकचं काम तेवढं करून आणा," म्हणाली.

काका गाडी घेऊन गेले. परत आले तेव्हा गाडीला नवी कोरी सीटकव्हर होती. लाल. वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. आणि नवी म्युझिक सिस्टिम.

"ब्रेक?"

"ब्रेकला काय धाड भरलीये? तो गॅरेजवाला तुला बनवतोय. गाडीत बसल्यावर जरा बरं वाटायला नको?"

मावशीला रडू आलं नाही. ते वय मागे पडलं होतं. ती नळ्यांवर नावं चिकटवत बसली.

पुढची गोष्ट तिला एका पेशंट बाईने सांगितली. साखरेचा आजार असलेली, बडबडी, पहिल्या मजल्यावर राहणारी बाई. मावशी दर सहा महिन्यांनी तिचं रक्त काढायला जायची. गाडी घेतल्यावर पहिल्यांदाच गेली, तर बाई गॅलरीतून खाली बघतच राहिली.

"अहो, ही तर मास्तरांची गाडी!"

"कोण मास्तर?"

"मागच्या चाकाच्या वर पोचा आहे बघा. तो मी पाडलाय! त्यांच्याच फाटकाच्या खांबावर घातली होती." बाई हसली. पण लगेच तिचा चेहरा उतरला. तिने मावशीला खुर्चीत बसवलं. दंडाला पट्टा बांधून घेता घेता सांगायला लागली.

मास्तर गाडी शिकवायचे. वयस्कर, उंच, शांत माणूस. खोकला असायचा म्हणून तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. कधी आवाज चढवला नाही. बायका मुद्दाम त्यांच्याकडे शिकायला यायच्या. घरी ओरडा खाऊन आलेल्या असायच्या ना. मास्तर नुसते डॅशबोर्डवर अंगठी वाजवायचे. एकदा वाजवली की हळू. दोनदा वाजवली की थांब.

"आणि कधी ऐकलंच नाही तर?"

"तर स्वतः ब्रेक दाबायचे. शब्दाने बोलायचे नाहीत."

"आता कुठे असतात?"

बाईने मान फिरवली.

"माझाच तास होता हो. सकाळचा. मैदानाला चकरा मारायच्या होत्या. मी एक चक्कर मारली. त्यांनी काही वाजवलं नाही. मला वाटलं, जमतंय आपल्याला. दुसरी मारली. तिसरी मारली. मी खूश! वळून सांगायला गेले, मास्तर, बघा…"

मावशीने सुई बाहेर काढली. कापूस दाबून धरला.

"ते समोर बघत होते. डोळे उघडे. कधी गेले, देव जाणे. त्यांनी थांब म्हटलं नाही, म्हणून मी चालवतच राहिले हो…"

मावशी खाली आली. गाडीत बसली. किल्ली लावली नाही.

काच बंद. नवं प्लास्टिक. आणि त्या सगळ्या कोऱ्या वासातून, अगदी बारीक…

पेपरमिंटचा वास.

दुसरी एखादी असती तर तिथेच गाडी टाकून पळाली असती. मावशी पळाली नाही. मला सांगताना ती म्हणाली, "अगं, पळून जायचं कुठे? घरी?"

तिला भीती वाटायची. पण हळूहळू सवय झाली. धुकं असलं की टक. शाळेची मुलं रस्ता ओलांडायला निघाली की टक… टक. ती थांबायची. वर्षानुवर्षं शेजारी बसून कुणीतरी तिच्या नावाने शंख करत आलं होतं. आता शेजारी कुणीतरी गप्प बसत होतं. गाडीत बसलं की तिची मान दुखायची थांबायची.

काकांच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली.

शेजारची सीट. ती रोज मागे सरकवलेली असायची. उंच माणसाचे पाय मावावेत एवढी.

"कोण बसतं तुझ्या शेजारी?"

"कुणी नाही."

"मग सीट मागे कशी जाते? आणि वास कसला येतो गाडीत? मी पेपरमिंट खातो का? तू खातेस?"



काका मनाला येईल ते बोलले. या वयात शोभतं का, असं म्हणाले. रक्त काढायच्या नावाखाली कुठे कुठे जातेस ते मला कळत नाही असं समजू नकोस, म्हणाले. शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. आणि गाडीची किल्ली काढून घेतली.

गाडी मावशीच्या पैशांची. ती पुन्हा बससाठी उभी राहायला लागली. काका गाडीतून मित्रांकडे जायला लागले. पेट्रोल मावशीच्या पगारातून.

एका रविवारी दोघांना माझ्या आजीकडे यायचं होतं. मावशी मागच्या सीटवर बसली.

"मी काय तुझा ड्रायव्हर आहे? पुढे बस."

"मला मागे बरं वाटतं," ती म्हणाली. पुढची सीट तिला दिसत होती ना. सीट मागे सरकलेली होती.

काका रागारागाने गाडी हाणत होते. तोंडाचा पट्टा चालूच. टायर झिजलेत. विम्याची तारीख आलीये. तुझ्या पायगुणाने ही धोंड गळ्यात पडली. मावशी ऐकत होती, आणि तिला पुढून आवाज आला…

कर्र.

सीटकव्हरचं प्लास्टिक. बसलेल्या माणसाने जरा पुढे सरकावं, तसं.

रिकाम्या सीटवरचा लाल पृष्ठभाग मध्येच दबला होता.

टक.

"ते काय वाजतंय?" काका म्हणाले. वेग तसाच.

टक… टक.

एक ट्रक आडव्या गल्लीतून उलटा बाहेर आला. काकांचा हात त्या वेळी म्युझिक सिस्टिमवर होता. नजरही तिथेच. मावशीने डोळे मिटले.

गाडी थांबली.

बोनेट आणि ट्रक यांच्यात वीतभर जागा होती. काका घामाने निथळले होते. त्यांनी खाली पायाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग घसा खाकरला.

"बघितलंस? वेळेत ब्रेक मारला! आणि म्हणे ब्रेक खराब आहेत."

आजीकडे त्यांनी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. मी होते तिथे. ट्रक दर वेळी मोठा होत गेला आणि त्यांचा पाय दर वेळी चपळ. मावशी चहा देत फिरत होती. माझ्या आईने विचारलं, "काय गं, खरंच एवढं झालं?" मावशी म्हणाली, "हो. यांच्यामुळे वाचलो."

मला तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

गॅरेजवाल्याने त्यानंतर दोनदा फोन केला. काकांनी त्याला झाडलं. "माझ्या गाडीचे ब्रेक मी स्वतः तपासलेत," म्हणाले. विमाही भरायचा राहिला. ते पैसे कशात गेले, मावशीने विचारलं नाही.

मग तो दिवस आला.

भर दुपार. लख्ख ऊन. काका एकटेच निघाले होते. पुलावरून उतरताना खाली एक मालट्रक बंद पडून उभा होता. मागे फांद्या लावलेल्या, लाल फडकं लावलेलं. आंधळ्यालाही दिसावं असं.

गाडी तशीच जाऊन त्याच्यावर आदळली.

मावशी पोचली तेव्हा काकांना बाहेर काढत होते. शुद्धीवर होते. कमरेखाली सगळं चेंदामेंदा. पुलाखाली पंक्चर काढणारा एक माणूस सगळ्यात आधी धावला होता. तो मावशीला बघून घाईघाईने पुढे आला.

"बाई, दुसरे कुठायत? सापडले का?"

"कोण दुसरे?"

"शेजारी बसले होते ते. म्हातारे, उंच. मी समोरून बघितलं ना. गाडी येतच होती, येतच होती, मी ओरडतोय, हात करतोय. हे साहेब पाय मारतायत, धडपडतायत. आणि ते शेजारचे…"



"ते काय?"

"हाताची घडी घालून बसले होते. पाय वर, सीटवर घेतलेले. मांडी घालून. जसं काही घरी बसलेत."

पोलिसांनी गाडीत बघितलं. ट्रकखाली बघितलं. आजूबाजूला बघितलं. कुणी नव्हतं. शेजारच्या सीटला ओरखडा नव्हता. वरचं प्लास्टिकसुद्धा फाटलेलं नव्हतं.

त्यांनी लिहून घेतलं, ब्रेक निकामी. ते खरंच होतं. मास्टर सिलिंडरमध्ये थेंबभर ऑइल नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला, ही गाडी गेले कित्येक आठवडे थांबतच कशी होती, तेच त्याला कळत नाही.

काका वाचले. पण कमरेखालचं गेलं. हॉस्पिटलात शुद्ध नीट आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर मावशीचं मनगट धरलं.

"त्याने दाबला नाही."

"कुणी?"

"तुला माहितीये कुणी. मी दाबत होतो, माझा जात नव्हता. त्याच्याकडे बघितलं मी. ओरडलो त्याच्यावर. त्याने दाबला नाही." "तू सांगितलंस त्याला. तूच."

मावशीने मनगट सोडवून घेतलं आणि सलाईन बघितलं. "झोपा आता," म्हणाली.

विमा नव्हता. हॉस्पिटलचा खर्च तिनेच उचलला. गाडी भंगारात गेली, ती न्यायला तोच एजंट आला. "वहिनी, फार वाईट झालं हो," म्हणाला आणि भाव पाडून घेतला.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मावशी अजून काम करते. पहाटे बसने जाते. आल्यावर काकांचं अंग पुसते, कूस बदलते, त्यांचं बोलणं ऐकते. ते कमी झालेलं नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. राहवलं नाही, म्हणून मी विचारलं.

"मावशी, खरं सांग. तू काही बोलली होतीस का… त्यांच्याशी?"

तिने चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"त्या दिवशी सकाळी मी खाली गेले होते. गाडीत माझा जास्तीचा बर्फाचा डबा राहिला होता, तो काढायला. गाडी बंद होती, दाराचं लॉक कधीचंच बिघडलेलं. किल्ली वरती, यांच्या उशाशी. मी डबा घेतला, दार लावणार, तेवढ्यात वाजलं."

"एकदा? दोनदा?"

"नाही गं. तसं नाही. वाजतच राहिलं. हळूहळू. थांबून थांबून. माणूस काहीतरी विचारतो ना, आणि उत्तराची वाट बघतो… तसं."



"मग?"

"मग काय. मला उशीर होत होता. बस चुकली असती." तिने कप खाली ठेवला. "मी ‘बरं’ म्हटलं."

"कशाला बरं?"

"मला कुठे माहीत होतं, काय विचारतायत ते?" मावशी म्हणाली. "सवय असते गं. कुणी काही विचारलं की आपण बरं म्हणतो."

आतल्या खोलीतून काकांनी हाक मारली. पाणी हवं होतं. त्यांनी पुन्हा मारली, मोठ्याने.

मी उठायला लागले. मावशीने माझ्या हातावर हात ठेवला.

"बस," म्हणाली. "चहा संपू दे."